देवळालीची छावणी आणि विनोदाचा निर्माता

आमच्या आत्याचं बालपण देवळाली कॅम्पच्या कडेला गेलं. माझे आजोबा छावणीला भाजीपाला पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे हिशेब लिहायला होते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा आत्या पंधरा वर्षांची होती. तिच्या आठवणीतली छावणी म्हणजे बराकींच्या लांबच लांब रांगा, धुळीनं पांढरे झालेले ट्रक आणि अधूनमधून होणारे सोल्जरांचे करमणुकीचे कार्यक्रम. "गोरे सोल्जर झगे घालून, ओठ रंगवून बायका व्हायचे आणि नाचायचे. आम्ही पोरं कुंपणाबाहेरून बघायचो," असं ती सांगायची. आम्ही भावंडं ती थाप समजून हसत असू.

२००९ च्या दिवाळीत इंग्लंडला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला. त्यानं डीव्हीडींचा एक संच आणला होता. "मामा, यात आपली देवळाली आहे," तो म्हणाला. बीबीसीची जुनी विनोदी मालिका होती ती, 'इट एंट हाफ हॉट मम'. मराठीत म्हणायचं तर 'काय उकाडा आहे गं आई!' १९४५ साल, देवळालीची छावणी आणि तिथली ब्रिटिश सैनिकांची करमणूक करणारी सैनिकांचीच एक मंडळी. पहिल्याच भागात झगा घातलेला सोल्जर दिसला आणि आत्या एकदम सरसावून बसली. "बघ! मी सांगत नव्हते?" सार्जंट मेजर बोंबलायला लागला की ती तोंडाला पदर लावून हसायची.

मग पडद्यावर रंगीराम आला. डोक्याला पागोटं, अंगात बेअररचे कपडे. साहेबांच्या सेवेत राहून स्वतःलाही इंग्रज समजणारा नोकर. आत्यानं दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हा आपल्यातला नाही. काळा रंगवलाय ह्याला." भाच्यानं मान डोलावली. नट इंग्रजच होता. आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढी देवळाली उभी केली, अन् आपल्यातला एक माणूस मिळाला नाही होय रे त्यांना?"

मी पोस्टात नोकरी केलेला माणूस. इतिहासाची पदवी नाही, नाट्यशास्त्राची तर नाहीच. जे काही वाचलं ते नोकरी सांभाळून. पण आत्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. नटाची निवड कोण करतो? पडद्यावर कोण दिसेल, कोण किती वेळ बोलेल, कोणावर हसायचं, हे कोण ठरवतं? या प्रश्नांच्या मागे जाताना मी एका माणसापाशी पोचलो. त्याचं नाव डेव्हिड क्रॉफ्ट.

निर्माता म्हणजे कोण?

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. बीबीसीत तसं नव्हतं. पैसा परवाना शुल्कातून यायचा. निर्माता हा पगारी माणूस, पण संहिता निवडण्यापासून अंतिम संकलनापर्यंत कार्यक्रमाची सगळी जबाबदारी त्याच्या शिरावर. आपल्या मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातले निर्मातेही साधारण याच घडणीचे होते. 'गजरा'तले नट आपल्याला आठवतात, पण विनायक चासकरांचं नाव आठवायला जरा वेळ लागतो. निर्मात्याच्या नशिबी हे असतंच.

क्रॉफ्टची गोष्ट याहून एक पाऊल पुढची. आपल्या गाजलेल्या मालिकांचा तो निर्माता होताच, सहलेखकही होता आणि बऱ्याच भागांचा दिग्दर्शकही. शब्द, कॅमेरा आणि नट या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात. त्यामुळे त्याच्या मालिकांना एकसंधपणा आला. आणि म्हणूनच आत्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारीही त्याच्यावर येते.

नाटकवाल्यांचं पोर

डेव्हिडचा जन्म ७ सप्टेंबर १९२२ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यातला. आई ॲनी क्रॉफ्ट ही संगीतिकांमधली नावाजलेली नटी, वडील रेजिनाल्ड शारलँड हेही नट. वडिलांनी पुढे हॉलिवूड गाठलं आणि तिथल्या रेडिओवर नाव कमावलं. मुलानं आडनाव लावलं ते आईचं. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडात वाढलेल्या मुलांच्या कथा आपण वाचलेल्या आहेत. डेव्हिडचं बालपण त्याच जातीचं, विंगेत गेलेलं. १९३९ च्या 'गुडबाय, मिस्टर चिप्स' या चित्रपटात त्यानं शाळकरी पोराची एक छोटीशी भूमिकाही केली.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये तो तोफखान्यात भरती झाला. उत्तर आफ्रिकेत असताना त्याला संधिवाताचा ताप आला. बरा झाल्यावर सँडहर्स्टला अधिकारी म्हणून प्रशिक्षण झालं आणि युरोपातलं युद्ध संपत आलेलं असताना त्याची रवानगी हिंदुस्थानात झाली. मेजरच्या हुद्द्यापर्यंत तो चढला. इथेच त्याचा आपल्याशी संबंध येतो. हा तरुण अधिकारी पुण्यात सैनिकांच्या करमणुकीची व्यवस्था पाहत होता.

युद्धानंतर काही वर्षं गाणी, लहान मुलांसाठीची नाताळची नाटकं, किरकोळ अभिनय यांत गेली. १९५९ मध्ये न्यूकॅसलला टाइन टीज ही नवी दूरचित्रवाणी कंपनी सुरू झाली. तिथे त्यानं कार्यक्रम बसवायचं तंत्र आत्मसात केलं. साठच्या दशकात तो बीबीसीत आला आणि 'ह्यू अँड आय' वगैरे मालिकांचा निर्माता म्हणून स्थिरावला. तोवर तो एक चांगला, वक्तशीर, हाताखालच्यांना धाक असलेला निर्माता होता. इतकंच.

म्हाताऱ्यांची फौज

१९६७ मध्ये क्रॉफ्टच्या एका मालिकेत छोटी भूमिका करायला जिमी पेरी नावाचा नट आला. क्रॉफ्टची बायको ॲन ही नटांची कामं जमवून देणारी एजंट, आणि पेरी तिच्या यादीतला. तालमीच्या काळात पेरीनं भीत भीत एक बाड क्रॉफ्टच्या हाती दिलं. 'द फायटिंग टायगर्स' असं त्याचं नाव. विषय होता होमगार्ड.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये मुसंडी मारत असताना ब्रिटिश सरकारनं रेडिओवरून आवाहन केलं होतं, की जे नियमित सैन्यात नाहीत त्यांनी गावाच्या रक्षणासाठी पुढे यावं. म्हातारे आले, पोरसवदा मुलं आली. सुरुवातीला हत्यारंही पुरेशी नव्हती. पेरी स्वतः किशोरवयात वॉटफर्डच्या होमगार्डमध्ये होता. त्याच्या बाडात तीच माणसं होती.

क्रॉफ्टला ते आवडलं. दोघांनी मिळून लिहायचं ठरलं. बीबीसीच्या विनोदी विभागाचे प्रमुख मायकल मिल्स यांनी नाव बदलून 'डॅड्स आर्मी' केलं. ३१ जुलै १९६८ रोजी पहिला भाग लागला आणि १९७७ पर्यंत ८० भाग झाले. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना पावणेदोन कोटींहून जास्त माणसं ही मालिका पाहत होती.

निर्माता काय करतो हे समजून घ्यायचं तर या मालिकेच्या जन्मासारखा दुसरा धडा नाही.

पहिला प्रश्न भूमिकांचा. बँकेचा व्यवस्थापक मेनवारिंग हा तुकडीचा कॅप्टन आणि त्याचा हाताखालचा विल्सन हा सार्जंट. इंग्लंडमधल्या वर्गव्यवस्थेप्रमाणे खानदानी माणूस कॅप्टन आणि साध्या घरातला सार्जंट असायला हवा. इथे उलटं केलं. मेनवारिंग कष्टानं वर आलेला, विल्सन मोठ्या शाळेत शिकलेला. अधिकार एकाकडे आणि रुबाब दुसऱ्याकडे. आर्थर लो आणि जॉन ल मेझरर या दोन नटांनी नऊ वर्षं या एका उलटापालटीवर माणसं हसवली.

दुसरा प्रश्न खुद्द पेरीचा. त्यानं वॉकर हा काळाबाजारवाला स्वतःसाठीच लिहिला होता. क्रॉफ्टनं नकार दिला. लेखक पडद्यावर गेला तर बाहेर बसून चूक कोण पाहणार, असा त्याचा विचार. पेरीला वाईट वाटलं, पण भागीदारी टिकली.

तिसरा प्रश्न वरिष्ठांचा. बीबीसी-१ चे नियंत्रक पॉल फॉक्स यांना भीती वाटत होती, की देशाच्या सर्वांत अभिमानाच्या काळाची ही टिंगल ठरेल. नामावलीत नाझी सैन्य आणि निर्वासितांची खरी दृश्यं होती, ती काढायला लावली. क्रॉफ्ट भांडला, शेवटी ऐकलं. पण प्रक्षेपणाआधी निवडक प्रेक्षकांना मालिका दाखवून त्यांची मतं घेतली गेली तेव्हा निकाल फार वाईट आला. तो अहवाल क्रॉफ्टनं कागदांच्या ढिगात सगळ्यांत खाली सरकवून दिला. कुठे माघार घ्यायची आणि कुठला कागद हरवायचा, हे कळणं निर्मात्याच्या कामाचा मोठा भाग आहे. मीही कचेरीत आयुष्य काढलंय, म्हणून या गोष्टीचं मला भारी कौतुक वाटतं.

ही मालिका टिंगल ठरली नाही, याचं कारण ती माणसं करत होती त्यांच्यात आहे. म्हाताऱ्या गॉडफ्रेचं काम करणारे अर्नोल्ड रिडले पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जखमी झाले होते. क्लाइव्ह डन हे दुसऱ्या युद्धात चार वर्षं जर्मनांच्या कैदेत होते. ल मेझरर रणगाडा दलात अधिकारी होते आणि त्यांचीही नेमणूक हिंदुस्थानातच झाली होती. ही माणसं स्वतःवर हसत होती.

'ब्रँडेड' नावाचा १९६९ चा एक भाग आहे. त्यात कळतं की गॉडफ्रेनं पहिल्या युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. सगळे सहकारी त्याच्याशी बोलणं टाकतात. मग उघड होतं, की शुश्रूषा पथकात राहून, गोळ्यांच्या वर्षावात जखमींना वाचवल्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळालेलं आहे. तोवर आपण ज्या म्हाताऱ्याच्या विसराळूपणावर हसत होतो त्याच्याकडे मान खाली घालून पाहावं लागतं. त्याला घर आहे, बहिणी आहेत, भूतकाळ आहे. क्रॉफ्टच्या विनोदाची खरी ताकद मला या भागात दिसते. गॉडफ्रेवर हसू येतं, पण लेखकांनी त्याला लहान केलेलं नाही.

कंपनी सरकार

क्रॉफ्टची कामाची पद्धत नाटक कंपनीची होती. बाहेरची दृश्यं आधी फिल्मवर चित्रित करायची. 'डॅड्स आर्मी'साठी सगळी मंडळी नॉर्फकमधल्या थेटफर्ड गावी मुक्कामाला जायची. मग आठवडाभर तालीम. आणि शेवटी एका संध्याकाळी स्टुडिओत, काही शे प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेरे लावून नाटकासारखा संपूर्ण भाग करायचा. ऐकू येणारं हसू त्या प्रेक्षकांचं. त्यामुळे नटाला हशा येईपर्यंत थांबावं लागतं आणि हशा ओसरता ओसरता पुढचं वाक्य उचलावं लागतं. ही रंगमंचाची कला आहे. ती येणारेच नट क्रॉफ्ट घ्यायचा आणि एकदा घेतले की सोडायचा नाही. डोनाल्ड ह्युलेट आणि मायकल नोल्स हे देवळालीच्या मालिकेत कर्नल आणि कॅप्टन होते. पुढे 'यू रँग, मिलॉर्ड?' या मालिकेत तेच खानदानी भाऊ झाले. पॉल शेन, सू पोलार्ड, जेफ्री हॉलंड हे त्रिकूट तर त्याच्या तीन मालिकांत आहे.

शेवटची नामावलीही त्याची खास. 'तुम्ही पाहत होता' अशी अक्षरं उमटायची आणि मग एकेक नट क्षणभर दिसायचा, नावासकट. नाटक संपल्यावर सगळे रांगेत येऊन प्रेक्षकांना नमस्कार करतात, तसं. विंगेत वाढलेल्या मुलाची ती सवय. त्यानं २००४ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यालाही हेच नाव दिलं.

पेरीखेरीज त्याचा दुसरा जोडीदार जेरेमी लॉइड. तो एके काळी लंडनच्या पिकाडिलीतल्या सिम्पसन या कपड्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेता होता. त्यातून 'आर यू बीइंग सर्व्ड?' आली. तिचा पहिला नमुना भाग बीबीसीनं बाजूला ठेवला होता. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंचं हत्याकांड झालं, खेळांचं प्रक्षेपण विस्कळीत झालं आणि रिकामा वेळ भरायला हा भाग लावला गेला. मालिका १९८५ पर्यंत चालली. या मालिकेतला नाजूक चालीचा मिस्टर हंफ्रीज वरिष्ठांना नको होता. तो जाणार असेल तर मीही जातो, असं क्रॉफ्टनं बजावलं. हंफ्रीज राहिला. लॉइडबरोबरची त्याची आणखी एक मालिका 'अलो अलो!' १९८२ मध्ये सुरू झाली. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधली ही कथा पूर्ण इंग्रजीत आहे, पण फ्रेंच माणूस बोलतो ते फ्रेंच धाटणीच्या इंग्रजीत आणि जर्मन माणूस जर्मन धाटणीच्या. पोलिसाच्या वेशातल्या इंग्रज हेराचं फ्रेंच इतकं वाईट, की तो बोलतो त्यातला प्रत्येक स्वर वाकडा. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीवर उभी राहिलेली नाटकं पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यातली गंमत लगेच कळते. आणि हेही ध्यानात येतं, की या विनोदात सर्वांत फजिती होते ती इंग्रजाचीच.

म्हणजे क्रॉफ्ट जिथे उभा आहे तिथून स्वतःच्या माणसांवर हसतो. बँकेवाला, दुकानवाला, हेर, सगळे त्याचे. आता देवळालीला येऊ.

काय उकाडा आहे गं आई

इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. अर्थ, डोकं फिरलेला. तो आपल्या देवळालीवरून आला. मायदेशी परतायच्या ब्रिटिश सैनिकांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत भलत्या वेळी संपली त्याला महिनोन्‌महिने इथेच पडून राहावं लागे. ऊन, रिकामपण आणि घराची ओढ यांनी माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. आमच्या गावाचं नाव जगाच्या शब्दकोशात वेडेपणा म्हणून गेलं, हे मला चाळिशीनंतर कळलं.

जिमी पेरी तोफखान्यातला सैनिक. ब्रह्मदेशातून तो देवळालीत आला आणि तिथल्या करमणूक मंडळीत रमला. क्रॉफ्ट पुण्यात करमणूक अधिकारी. दोघांच्या आठवणी एकत्र आल्या आणि ३ जानेवारी १९७४ रोजी मालिका सुरू झाली. १९८१ पर्यंत तिचे ५६ भाग झाले. चित्रण सगळं इंग्लंडातच. मालिकेतली देवळाली म्हणजे सेट आणि वाळू. पण आत्याला ती ओळखू आली, हेही खरं.

मालिकेचं मूळ नाट्य साधं आहे. सार्जंट मेजर विल्यम्सला खरी मर्दुमकी गाजवायची आहे, आणि हाती आलेत गाणारे, नाचणारे, झगे घालणारे सैनिक. त्यांना जंगलात लढायला पाठवायची त्याची इच्छा. आणि जिवंत घरी पोचायचं, ही त्यांची. वरचे कर्नल आणि कॅप्टन बिनकामाचे आहेत, त्यांना मंडळीचा कार्यक्रम चालू राहावा एवढंच वाटतं. साम्राज्य संपत आलंय आणि ते चालवणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही, हे इथे पुरेपूर दिसतं. प्रत्येक भागाच्या शेवटी चहावाला मुहम्मद ब्रिटनच्या वैभवाचं गाणं गाऊ लागतो आणि सार्जंट मेजर खेकसून त्याला गप्प करतो. एवढ्या एका प्रसंगात साम्राज्याबद्दल बरंच काही सांगून झालं आहे. त्या चहावाल्याचं काम करणारे दिनो शफीक मूळचे ढाक्याचे. 'माइंड युअर लँग्वेज'मधला अली म्हणून पुष्कळांना त्यांचा चेहरा आठवेल. पंखेवाल्याच्या भूमिकेत बाबर भट्टी होते. म्हणजे आपल्या उपखंडातले नट मालिकेत होते. पण आपल्या लोकांपैकी सर्वांत मोठी, कथेला धरून असलेली भूमिका रंगीरामची, आणि ती मायकल बेट्स यांच्याकडे गेली.

बेट्स हे काही ऐरेगैरे नव्हते. जन्म झाशीचा, १९२० चा. उर्दू सफाईनं बोलत. युद्धात गुरख्यांच्या पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढलेले. रंगीराम बाकीच्या नोकरांना झापतो ती भाषा खोटी वाटत नाही. स्वतःला 'आम्ही ब्रिटिश' म्हणवणारा हा नोकर आपल्याला अगदी अनोळखी नाही. साहेब गेल्यानंतरही साहेबी न सोडलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. कर्करोगानं बेट्स जानेवारी १९७८ मध्ये वारले, आणि ती भूमिका दुसऱ्या कोणाला दिली गेली नाही.

तरीही त्यांचा चेहरा रंगवलेला होता.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर

निर्मात्यांची बाजू अशी मांडली जाते, की त्या काळी इंग्लंडात ही भूमिका पेलणारा आशियाई विनोदी नट मिळत नव्हता, आणि बेट्स यांना भाषाही येत होती, माणसंही ठाऊक होती. भाषा बोलणारे सैनिकही त्या काळी जसे बोलत तसेच दाखवले, असं पेरी शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या लेखी दोघांचं सर्वांत विनोदी काम हेच होतं.

मला हे उत्तर पुरत नाही. १९६० मध्येच लंडनच्या रंगभूमीवर 'ए पॅसेज टु इंडिया'च्या नाट्यरूपात झिया मोहिउद्दीन यांनी डॉ. अझीजची प्रमुख भूमिका केली होती. म्हणजे नट नव्हतेच असं नाही. ते शोधायची, घडवायची गरज वाटली नाही. आणि इथे क्रॉफ्टची बाकीची कारकीर्दच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ज्या माणसानं वरिष्ठांशी भांडून हंफ्रीज राखला, ज्यानं कॅप्टन आणि सार्जंटची अदलाबदल करून इंग्लंडची सगळी वर्गव्यवस्था हसण्यावारी नेली, प्रत्येक छोट्या भूमिकेसाठी ज्याच्याकडे नटांची पक्की मंडळी तयार असायची, त्याला ठरवलं असतं तर एक रंगीराम मिळाला नसता?

पण मला वाटतं त्यानं डोळेझाक केली नाही. त्याला ते दिसलंच नाही. क्रॉफ्टचा सगळा विनोद आठवणीतून आलेला आहे. पेरीची होमगार्डची आठवण, लॉइडची दुकानाची, पेरीचीच बटलिनच्या सुट्टी छावणीतली, जिच्यातून पुढे 'हाय-डी-हाय!' आली. जे अंगावरून गेलं तेवढंच लिहायचं, ही त्या दोघांची शिस्त. त्या शिस्तीनं 'डॅड्स आर्मी'तला गॉडफ्रे दिला. तीच शिस्त देवळालीत अपुरी पडली. कारण बराकीत राहिलेल्या सैनिकाच्या आठवणीत चहावाला दारापर्यंतच येतो. तो संध्याकाळी कुठे जातो, घरी जाऊन साहेबाबद्दल काय बोलतो, हे सैनिकाला कधी दिसलेलं नसतं. आम्ही त्या चार रात्री जे भाग पाहिले त्यांत रंगीरामचं घर आलं नाही. आत्यानं तेही टिपलं होतं. "ह्याला बायकापोरं नाहीत का रे?" तिनं विचारलं होतं. गॉडफ्रेला बहिणी होत्या.

चेहरा रंगवणं हा त्याचाच पुढचा भाग. ज्या माणसाचं घर आपण पाहिलेलं नाही, त्याचा चेहराही मग बाहेरून लावता येतो असं वाटू लागतं.

आज बीबीसी आपल्या इतर जुन्या मालिकांसारखी ही मालिका पुन्हा दाखवत नाही. 'डॅड्स आर्मी' मात्र अजून लागते आणि लोक पाहतात. देवळालीची मालिका पुसून टाकावी असं मला वाटत नाही. तिच्यात आमच्या गावाचा एक काळ आहे, आणि साहेबाची फजितीही आहे. पण तिच्याकडे पाहताना आत्याचा प्रश्न शेजारी ठेवून पाहावं, एवढंच.

क्रॉफ्ट २७ सप्टेंबर २०११ रोजी पोर्तुगालमध्ये वारले. १९७८ मध्ये त्यांना आणि पेरीला 'ओबीई' हा किताब मिळाला होता. त्यांच्या निधनानंतर 'डॅड्स आर्मी'चा पुढचा भाग लागला तेव्हा शेवटी नेहमीची अक्षरं आली, 'तुम्ही पाहत होता', आणि खाली नटांऐवजी त्यांचं नाव. आयुष्यभर बाकीच्यांना नमस्काराला पुढे केलेल्या माणसाला हा एक नमस्कार मिळाला.

कुंपणाबाहेरचा कार्यक्रम

आत्या २०१४ मध्ये गेली. त्या दिवाळीतल्या शेवटच्या रात्री डीव्हीडी संपल्यावर तिनं एक गोष्ट सांगितली होती. छावणीतले कार्यक्रम पाहून आल्यावर आळीतली पोरं दुसऱ्या दिवशी त्यांची नक्कल करायची. एक जण सार्जंट व्हायचा, कमरेला पट्टा, हातात काठी. बाकीचे सोल्जर. शब्द एकही इंग्रजी कळत नसे, पण ओरडण्याचा चढ-उतार सगळ्यांना पाठ होता. आजोबाही ओट्यावर बसून हसायचे. हिशेबाच्या वह्यांत मान घालून दिवसभर 'येस सर' म्हणणारा माणूस संध्याकाळी पोरांच्या सार्जंटवर पोट धरून हसायचा.

ही देवळालीतली विनोदी मंडळी कोणाच्या मालिकेत आलेली नाही. तिला क्रॉफ्ट मिळाला नाही, कारण क्रॉफ्ट कुंपणाच्या आत होता. पण कुंपणाबाहेर आपलीही माणसं होती, लिहिणारीही होती, आणि आपणही ते कधी लिहून काढलं नाही. आजोबांच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. मी आता आमच्या भागातल्या नव्वदीच्या घरातल्या माणसांना भेटत असतो, आणि एकच विचारतो: छावणीतल्या साहेबाची नक्कल तुमच्या आळीत कोण करायचं?

आतापर्यंत सात नावं मिळाली आहेत.